राक्षसाची चाल

वाकुई पुन्हा कोसळला.

चित्रपटासाठी त्याने अंगावर चढवलेला रबराचा तो अवजड राक्षस आधी गुडघ्यांवर आला, मग खोट्या घरांची अख्खी ओळ पोटाखाली घेऊन आडवा झाला. कुणीतरी दिवे बंद केले. दोघांनी पाठीची चेन उघडून त्याला बाहेर ओढलं, तेव्हा पोशाखातून घामाचं पाणी फरशीवर सांडलं.

"काय हो राक्षसमहाराज," रबरकाम बघणारा म्हातारा मियाता म्हणाला, "निघालात तोक्यो जाळायला आणि स्वतःच वाफवून निघालात! मानेला दोन भोकं पाडून देतो. जरा वारा लागेल."

"नको."

"अहो, आत मराल एक दिवस."

"भोकं पाडायची नाहीत," वाकुई म्हणाला आणि तोंडावर पाणी मारून घेतलं.

नुई होझुमी चिरडलेल्या घरांपाशी उकिडवी बसली होती. स्टुडिओतली छोटी शहरं ती बांधायची. या वेळी तिला कुठलीही एक वस्ती बांधायला सांगितली होती. तिने कुणाला न विचारता स्वतःची बांधली होती. तोक्योतली, सुमिदा नदीकाठची. टोफूवाल्याचं दुकान, सार्वजनिक न्हाणीघराची चिमणी, नदीवरचा पूल. दहा वर्षांपूर्वी, महायुद्धाच्या शेवटी, मार्चमधल्या त्या अमेरिकी हवाई हल्ल्यात ती वस्ती जळाली, आणि तिच्यासोबत नुईची आई आणि धाकटी बहीण. तेव्हापासून त्या रात्रीबद्दल चारचौघांत कुणी बोलत नव्हतं. पण राक्षस बघायला सगळे येणार होते. ते बघतील आणि त्यांना कळेल, एवढंच तिने मनाशी धरलं होतं.

दिग्दर्शक कुझे वैतागला होता. "उद्या दुसरा माणूस आणतो. याच्या चालीत दम नाही. राक्षस कसा धाडधाड आला पाहिजे! हा तर देवळात निघाल्यासारखा चालतो."

"त्याला घाई नसते, साहेब," वाकुई म्हणाला. "खालचे कुठे जाणार, हे त्याला ठाऊक असतं."

"तुम्ही मला शिकवू नका."

"साहेब, राक्षसाचं काम वाकुईच करतील," नुई मधेच म्हणाली. सगळे वळून बघायला लागले. ती सहसा बोलत नसे. "दुसरा माणूस आणणार असाल, तर ही वस्ती मी पुन्हा उभी करणार नाही."

कुझेने तिच्याकडे पाहिलं, मग मोडलेल्या घरांकडे. "बरं बाई. पण एकदाच. पुन्हा पडला तर मी ऐकणार नाही."

घरं पुन्हा बांधायची होती. वाकुई न सांगता येऊन तिच्याशेजारी बसला आणि कौलं चिकटवायला लागला. त्याचे हात भाजल्यासारखे लाल झाले होते.

"आग कुठून लावणार?" त्याने विचारलं.

"मधून. न्हाणीघरापासून."

"मधून नको. आधी कडेची छपरं पेटवा. चारी बाजूंनी. मग मधली वस्ती. लोकांना वाटच उरत नाही, सगळे पुलाकडे धावतात. राक्षस तिथे थांबेल, खाली बघेल."

नुईचा हात थांबला. ती रात्र तिच्या डोळ्यांपुढे आली. ज्या गल्लीत शिरावं, तिथे समोर आग. असं का होत होतं, ते तिला इतक्या वर्षांत उमगलं नव्हतं.

"खरंय," ती हळूच म्हणाली. "अगदी असंच झालं होतं."

वाकुईने पुढचं कौल उचललं.

चित्रण सुरू झालं. कडेची छपरं पेटली. राक्षस आला, सावकाश, एकेक पाऊल टाकत. प्रखर दिव्यांखाली त्याच्या पाठीतून वाफ निघत होती. पुलापाशी तो थांबला. पुलावर दाटीवाटीने उभ्या केलेल्या बाहुल्यांकडे त्याने मान वाकवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पाय उचलला.

कुझेने डोक्यावरची टोपी काढली. मियाता लहान मुलासारखा हुंदके देत होता. नुईने डोळे मिटले नाहीत. तिच्या आईचं घर जळताना तिने शेवटपर्यंत पाहिलं.

या वेळी वाकुई पडला नाही. बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ पांढरेफटक पडले होते, पण तो उभा होता.

नुई त्याच्यासाठी जवाचा गार चहा घेऊन गेली. कमरेत वाकून तिने नमस्कार केला. "तुमचे उपकार कसे फेडू? जो स्वतः त्यातून गेलाय, त्यालाच हे जमतं. तुमचं कोण गेलं त्या रात्री? कुठल्या पेठेत राहायचात?"

वाकुईने पेला हातात घेतला, पण प्यायला नाही.

"होझुमीबाई, त्या रात्री मी तोक्योत नव्हतो," तो म्हणाला. "मी हे वरून पाहिलंय, विमानातून. शहर चीनमधलं होतं, आणि बाँब मी टाकत होतो."