शब्द कोण देणार

दहाव्याला घाटावर पिंड ठेवून बराच वेळ झाला, तरी कावळा शिवेना. समोरच्या उंबरावर कावळे नुसते बसून होते.

"द्वारकाबाईंची काही इच्छा राहिली असेल," गुरुजी म्हणाले. "कोणीतरी शब्द द्या."

गल्लीतले सगळे एकमेकांकडे बघू लागले. यांतल्या कितीतरी जणींची बाळंतपणं आजीने केली होती, तापाच्या साथीत घरोघरी पेज पोचवली होती. पण ती गेली त्याच संध्याकाळी सगळ्यांनी शोक घालवणारी लस टोचून घेतली, आणि दुःखाबरोबर आजीही पुसली गेली.

लस न घेतलेली एकटी नात, मृण्मयी, आज सकाळीच परदेशातून पोचली होती. ती हात जोडून पुढे झाली.

"आजी, गल्लीतल्या आजाऱ्यांना आम्ही डबा देऊ. काकाला सांभाळू."

कावळे हलले नाहीत.

"आम्ही तुला विसरणार नाही," ती शेवटी म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.

काकाने मायेने तिचे डोळे पुसले. "तूही लस घेऊन टाक, बाळा. मी आईचा फार लाडका होतो म्हणे. तरी बघ, मला काही त्रास होतोय का?"