देवमण

जामसिंग गिरासे चार दिवस प्रयोगशाळेच्या पागेबाहेर बसून होते. सारंगखेड्याहून घोडीसाठी आणलेला गूळ पिशवीतच पाघळला होता. त्यांचा मेलेला घोडा माणक, जपून ठेवलेल्या एका पेशीतून, चंद्री घोडीच्या पोटी पुन्हा जन्मणार होता.

दुपारी डॉक्टर अनघाने हाक मारली. "या, दादा. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत."

तोच तांबडा रंग, टोकाला टोक भिडणारे तेच कान. जामसिंगांचे डोळे भरून आले. त्यांनी शिंगराच्या गळ्यावरचे ओले केस बोटांनी चाचपले. माणकच्या गळ्यावर देवमण होता, घराला बरकत आणणारा भोवरा. इथे काहीच नव्हतं. उलट डोळ्याखाली भोवरा होता, मालकाला रडवणारा.

"भोवरा जनुकांत नसतो, दादा. प्रत्येक वेळी सांगते तुम्हाला. तो पोटात कसाही पडतो."

"मग परत गर्भ ठेवा."

"आणि हे शिंगरू?"

"आधीच्या तिघांचं केलंत तेच."

डॉक्टरने इंजेक्शन भरायला घेतलं. ते दिसताच चंद्रीने चाटणं थांबवलं, शिंगराला नाकाने भिंतीशी ढकललं आणि त्याच्यापुढे आडवी उभी राहिली.