मागून हाक

“बोट पाण्यात उतरली का मांगून आवाज द्याचा नाई, पोरी. मांगून हाक दिलेला माणूस पाणी ठेवून घेते.”

सासूबाई वच्छलाबाईंचं हे बोलणं नंदिनीनं तेव्हा हसण्यावारी नेलं होतं. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात भूगोल घेऊन शिकलेली ती. गेल्या जत्रेला निकेश नारळांची पोती घेऊन एकटाच तलावापलीकडच्या देवळाकडे निघाला, तेव्हा घाटावर रांगणाऱ्या लेकाला उचलत तिनंच ओरडून विचारलं होतं, “अहो, काही राहिलं तर नाही ना?”

त्यानं वळून बघितलं. “तू राह्यली ना!” म्हणाला. घाटावरचे सगळे हसले.

संध्याकाळी निकेश सापडला. बोट अजून तलावाच्या तळाशीच आहे. कोणी म्हणालं वारा होता, कोणी म्हणालं ओझं जास्त झालं. वच्छलाबाई काहीच म्हणाल्या नाहीत, आणि तेच नंदिनीला सोसवेना. तेरवी आटोपली तशी ती लेकाला, विहानला घेऊन माहेरी ब्रह्मपुरीला निघून गेली.

आज वर्षानं ती पुन्हा त्याच घाटावर उभी होती.

जत्रेचीच गर्दी. मासेमार सोसायटीच्या फायबरच्या बोटी रात्री धुऊन सिमेंटच्या उतारावर चढवून ठेवलेल्या. आता एकेक भरून पाण्यात लोटत होते. नारळ, केळीचे घड, लेकुरवाळ्या बाया. पलीकडून देवळाचा भोंगा ऐकू येत होता.

“मामा, बकरी पयले चढू द्या. तुमच्यापेक्षा तिले जास्त समजते!” एक नावाडी ओरडला.

वच्छलाबाईंना भर तलावात निकेशच्या नावानं दिवा सोडायचा होता, मग देवळात जायचं होतं. धाकटा प्रफुल राजुऱ्याकडे कोळसा खाणीत कामाला. आईसाठी सुटी काढून आला होता. बोट आज तोच नेणार होता, पण वल्हं हाती धरायची त्याची सवय केव्हाच मोडली होती.

“वहिनी, तुम्ही बी चला ना.”

“नको भाऊजी. याला पाण्यावर नाही नेणार मी.”

विहानवरची नजर ती हलू देत नव्हती. ओला उतार, पायात येणारे दोर, बकऱ्यांची शिंगं, सगळ्यात तिला धोकाच दिसत होता. तरी सामान चढवायच्या धांदलीत पोरगा हातातून निसटलाच. प्रफुलच्या बोटीमागे जाऊन बसला आणि गाल फुगवून परत आला. तिनं घाईघाईनं त्याच्या तोंडात बोट घातलं आणि अंगठ्याएवढं काळं रबर बाहेर काढलं. गिळलं असतं तर! पोरानं भोकाड पसरलं, पण तिनं ते पुसून पर्समध्ये टाकलं. ब्रह्मपुरीला त्याच्या खेळण्यांच्या टोपलीत असंच एक होतं. दात येताना तो तेच चावत बसायचा. कुठून आलं होतं कोण जाणे.

वच्छलाबाई मांडीवर पानांचा द्रोण घेऊन पुढच्या फळीवर बसल्या. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी सुनेचा हात धरला.

“या खेपेले आवाज देशील नाई ना?”

“नाही देणार, आई.”

“आन् दिला तरी मी वळाची नाई. एक वळला, तो गेला.” मग आवाज खाली आला. “जाय, पोराले सावलीत ने.”

चौघांनी रेटा दिला. बोट पाण्यात गेली. नंदिनीनं पदराचा बोळा तोंडाशी धरला. हाक आपोआप निघते, तिचा भरवसा नसतो.

शेजारी सोसायटीचे जुने नावाडी देवाजीभाऊ आपली बोट भरत होते. एक जण बकऱ्या घेऊन घुसायला लागला, तसे ते खेकसले, “थांब ना बाप्पा! आधी बूच, मंग बकरी.” बोटीच्या मागच्या अंगाला, तळाशी एक भोक होतं. धुतल्यावर पाणी निथळावं म्हणून बूच काढून ठेवतात. “हे लावाचं इसरलं तर फळ्यांखालून पाणी भरते, आन् कळते कुठी? भर तलावात!”

त्यांच्या चिमटीत अंगठ्याएवढं काळं रबर होतं.

नंदिनीनं पर्स उघडली.

मग ती ओरडली. “आई! भाऊजी! वळा! मागे वळा!”

लांबवर वच्छलाबाईंची पाठ ताठ झाली. प्रफुल वळू लागला, तसा त्यांनी मागे न बघताच हात मागे नेऊन त्याचा गुडघा घट्ट धरला. दुसऱ्या हातानं पदर कानांवर ओढला. वल्हं जोरात चालू लागलं.

देवाजीभाऊ रिकामी बोट घेऊन त्यांच्या मागे निघालेत. ते पोचतीलही. पण तुमच्यातलं कोणी पलीकडे देवळाच्या काठावर असेल, तर जरा बघा हो. निळी बोट आहे, पुढच्या फळीवर म्हातारी, मांडीवर द्रोण. पोचली का ती? पोचली असेल तर तिला एवढं सांगा, की हाकेनं कोणी गेलं नाही. गेल्या वर्षीचं बूच ब्रह्मपुरीला, खेळण्यांच्या टोपलीत आहे.