आरशाची हजेरी

साहेब, तुमच्या अहवालातलं 'ऑनलाइन शिक्षणाचं यशस्वी वर्ष' धादांत खोटं आहे. कच्छच्या रणात रेंजच नाही. मीठ पिकवणारी माणसं लांबून आरसा चमकवूनच एकमेकांना हाक मारतात. मी, मुलांची 'बेन', म्हणजे शाळेतली बाई, वर्षभर तशीच हजेरी घेतली. तंबूतल्या शाळेसमोर मी आरसा धरायचे, मैलभरावरून माझी विद्यार्थिनी जीवी आरशानेच उत्तर द्यायची आणि पळत यायची. तुम्ही एकदाच आलात, स्वतःचा मोबाइल तिच्या हातात देऊन कॅमेऱ्याने तिचा फोटो काढलात. "यात कुणीच बोलत नाही, साहेब. आमच्या बेन निदान ओरडतात तरी!" ती म्हणाली. "तू नुसती हस गं," म्हणालात आणि मोबाइल काढून घेतलात. त्याच फोटोच्या जोरावर आज हुकूम आला: मुलं ऑनलाइन शिकतात, तंबू उठवा. जीवीला अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत. तिकडे तिचा आरसा चमकतोय. काय उत्तर देऊ? सांगा, साहेब!