पहिल्या गुरुवारची मोजणी

“केट्लसर, आज तुम्ही बोलायचं नाही. मुलं मी मोजणार, असं मंडळानं ठरवलंय.” डोरीन स्केल्टनने ओला रेनकोट खुंटीला अडकवला.

“माहीत आहे. तोंडाला कुलूप,” मुख्याध्यापक रॉय केट्ल म्हणाले. “आमची बायको विचारत होती, हे मंडळ घरीही का येत नाही म्हणून.”

डोरीन हसली नाही. ऑक्टोबरचा पहिला गुरुवार होता. या दिवशी देशभरच्या शाळांतली मुले मोजली जातात आणि त्या आकड्यावर शाळांचे वर्ष ठरते. समुद्रकाठच्या साल्टबीच्या या शाळेचे मात्र आयुष्यच ठरणार होते. सात शाळांचा कारभार पाहणाऱ्या विश्वस्त मंडळाने उन्हाळ्यातच ठराव केला होता: तीस मुले भरली तर शाळा राहील, एक जरी कमी पडले तरी नाताळात तिला टाळे लागेल.

केट्लसरांच्या आकड्यावर मंडळाचा विश्वास उरला नव्हता. गेल्या वर्षी एफी खाडीत बुडून गेली, त्यानंतरही तीन महिने त्यांनी तिचे नाव पटावर ठेवले होते आणि रोज तिच्यापुढे हजेरीची खूण केली होती. म्हणून या वेळी मोजणीला विश्वस्त आली होती.

एफी डोरीनची नात होती.

“दुसऱ्या कुणाला पाठवू या गं,” अध्यक्षा पामेला म्हणाली होती.

“का म्हणून? चाळीस वर्षं जन्ममृत्यूच्या नोंदी केल्यात मी. जिवंत कोण आणि गेलेलं कोण, एवढं मला कळतं.”

त्या चाळीस वर्षांबद्दल ती खरे बोलली होती. गेल्या वर्षाबद्दल काहीच बोलली नव्हती. एफी तिला दिसत असे: पाववाल्याच्या दुकानातल्या रांगेत, बसच्या शेवटच्या बाकावर, एकदा तर चर्चमध्ये, मेणबत्त्यांच्या पलीकडे. डॉक्टरांनी एकच उपाय सांगितला होता. दिसली की डोळे मिटायचे, ‘ती नाही’ असे मनात म्हणायचे आणि डोळे दुसरीकडे उघडायचे. उपाय अचूक होता. तो कितीदा करावा लागतो, हे तिने डॉक्टरांनाही सांगितले नव्हते.

मुले सभागृहात ओळीने उभी राहिली. एफी गेल्यापासून केट्लसरांनी एक शिस्त घातली होती. कुठूनही परत आले की प्रत्येक मुलाने आपला आकडा स्वतः मोठ्याने सांगायचा.

“एक!”

“दोन!”

तेराव्याने आवाज जाड काढला, तेव्हा चौदावी खुदकन हसली आणि आकडाच विसरली.

“अगं चौदा! बोल की, बावळट!” पंधराव्याने तिला कोपराने ढोसले.

केट्लसरांनी कपाळाला हात लावला, पण शब्द काढला नाही.

“अठ्ठावीस!”

“एकोणतीस!” एक ठिपकेदार गालांची मुलगी ओरडली आणि अर्धे पाऊल बाजूला सरकली.

“तीस,” ओळीच्या टोकाकडून हळू आवाज आला.

हिरवा स्वेटर, मापापेक्षा मोठा. बोटांपर्यंत उतरलेल्या बाह्या. पावसाने कपाळाला चिकटलेले फिके केस. डोरीनने डोळे मिटले. ती नाही. तिने डोळे खिडकीकडे उघडले, मग केट्लसरांकडे पाहिले. ते ओळीच्या त्याच टोकाकडे पाहून हसत होते. बिचाऱ्याला अजून दिसते तर, तिला वाटले.

पेन्सिल कागदावर थांबली. एफीला माहीत असलेली शेवटची जागा म्हणजे ही शाळा होती, आणि ती टिकावी असे डोरीनला जितके वाटत होते तितके गावात कुणालाही वाटत नसेल. तीस लिहिले असते तर कुणी विचारणारही नव्हते. पण मेलेल्या मुलीच्या जोरावर शाळा उघडी ठेवायची, तर केट्लसरांना दोष देण्याचा अधिकार कुणाला उरतो?

तिने एकोणतीस लिहिले, कागदाची घडी केली आणि मागे वळून न पाहता बाहेर पडली.

चार वाजता शहरातल्या कार्यालयात मंडळ बसले.

“फुकट राबायचं आणि वर असली मऊ पडलेली बिस्किटं खायची,” क्लाइव्ह हॉक्सबी कुरकुरला. तो निवृत्त वकील होता.

“तू चार खाल्लीस,” पामेला म्हणाली आणि तिने कागद पुढे ओढला. “केट्लचा आकडा, तीस.”

“पुन्हा? अरे, त्या माणसाला कुणी तरी सांगा, की ती पोरगी...” क्लाइव्हला डोरीनचा चेहरा दिसला.

“एकोणतीस,” डोरीन म्हणाली.

“नक्की?”

“समोर उभी होते मी.”

क्लाइव्ह खुर्चीतून पुढे झुकला. “डोरीन, हे बघ. एकानं काय बिघडतं? तू तीस म्हण. आम्ही कुणी तपासायला जाणार नाही.”

“मग मला कशाला पाठवलंत? शोभेला?”

पामेलाने शाळा बंद करण्याचा ठराव मताला टाकला. हात वर झाले. सर्वांत शेवटी तिचा. पाच वाजता शाळा बंद करण्याचे पत्र सरकारकडे गेले. त्यानंतर निर्णय फिरवणे मंडळाच्याही हातात नव्हते.

ती जिना उतरून खाली आली. दाराशी एक तरुण बाई उभी होती आणि तिच्या कोटामागे कुणी तरी दडले होते.

“तुम्ही मिसेस स्केल्टन ना? थांबवत नाही तुम्हाला, एवढंच विचारायचं होतं... राहिली ना शाळा? आम्ही कालच आलो साल्टबीला. एकच मूल कमी पडतंय म्हणाले केट्लसर, तर गाडीतलं सामानही न उतरवता आधी हिचं नाव घातलं. स्वेटरसुद्धा शाळेतलाच दिला त्यांनी.” तिने मागे हात घालून एका फिक्या केसांच्या मुलीला पुढे ओढले. “लाजते हो फार. सकाळपासून मात्र एकच धोशा लावलाय, ‘त्या आजींनी मला मोजलं ना?’”