चंडोलाचं पान

"दिवाळीला येणार होतं, पाडव्याला येणार होतं, आता श्रावण उजाडला! पक्ष्यांचं पुस्तक काढताय, की अंडी उबवत बसलाय?" नाव न सांगताच नलूताई फोनवर कडाडल्या.

गळ्यातली दुर्बीण अजून उतरली नव्हती. आजही माळावर तोच मातकट चंडोल दिसला होता, आणि जुन्या पुस्तकात तसे दिसणारे चार होते. खात्री झाल्याशिवाय नलूताई काही लिहीत नसत. चार वर्षं वहीत त्याच्यापुढे एकच शेरा होता: 'नवं पुस्तक आल्यावर पाहणे.'

"बाई, सगळं तयार आहे हो," संपादक काकुळतीने म्हणाला. "चंडोलाचं तेवढं एक पान अडलंय. सोलापूरकडच्या एका जाणकारांकडे नोंदी मागितल्यात. तीन पत्रं धाडली, पण उत्तर म्हणून नाही."

"कमाल आहे या माणसांची! नाव-पत्ता द्या, बघतेच मी." नलूताईंनी पेन्सिल उचलली.

"घ्या लिहून. नलिनी बोरामणीकर, निवृत्त शिक्षिका..."

पेन्सिल 'न'वरच थांबली. वहीखाली प्रकाशकांची तीन पाकिटं होती. तिन्हींवर त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'नवं पुस्तक आल्यावर कळवणे.'