ऐकून घेण्याविषयी तीनशे शब्द

"पुसून टाक ते, मारित. वर्ष जाईल तुझं!" वर्गातली रुलीन तिच्या खांद्यावरून वाचत म्हणाली.

मारितनं पुसलं नाही. बाराला सात मिनिटं कमी होती. हॉलंडमधल्या लेवार्डनच्या नर्सिंग कॉलेजात दर शुक्रवारी बारापर्यंत ब्लॉग टाकायचा असे. तीनशे शब्द: काय घडलं, मला काय वाटलं, पुढच्या वेळी काय करीन. शिवाय दोन मैत्रिणींच्या ब्लॉगखाली कौतुकाच्या दोन ओळी. तीन वर्षं हे दळण दळून तिला वीट आला होता. तीच गत अभ्यासाची. दोनशे सहा हाडं पाठ करा, औषधांच्या मात्रा पाठ करा. अहो, रुग्णाचं मन लावून ऐकण्याच्यासुद्धा सात पायऱ्या होत्या, त्याही पाठ करा! घोका आणि परीक्षेत ओका.

कॉलेजच्या मुलींना प्रत्यक्ष कामासाठी वृद्धाश्रमात पाठवत. तिथे मंगळवारी हूकस्ट्रा आजोबांच्या खोलीतली बेल वाजली, तेव्हा मारित बाहेरच्या बाकावर बसून लिहीत होती, 'या आठवड्यात मी ऐकायला शिकले.' वीसेक शब्द कमी पडत होते. "आलेच हं!" ती म्हणाली आणि शब्द मोजत राहिली. बेल पुन्हा वाजली, मग थांबली. ती वीस मिनिटांनी आत गेली. आजोबा ओल्या विजारीत बसले होते. आयुष्यभर कालव्यांतून मालाच्या बोटी हाकत आलेला तो धिप्पाड माणूस मांडीवर वर्तमानपत्र पसरून ते लपवत होता.

"तुझं काम चाललं होतं ना, पोरी," ते म्हणाले. "चालायचंच."

आज तिनं ते गोडगोड तीनशे शब्द काढून टाकले आणि आजोबांचं नाव न घालता हे सगळं लिहिलं. वीस मिनिटंही लिहिली. शेवटी लिहिलं, 'मला लाज वाटते. पाठ केलेल्या मायेची मला किळस येते, आणि सगळ्यात जास्त माझी स्वतःची.' वृद्धाश्रमातून काढून टाकलं तर नर्स होणंच संपलं, हे तिला ठाऊक होतं. तिनं बटण दाबलं.

सोमवारी ब्लॉग तपासणाऱ्या पोस्तमाबाईंनी बोलावलं. कॉफी पुढे ठेवली, पण बाईंचा चेहरा काही सैल झाला नाही.

"हे कुणी विचारलं नसताना लिहिलंस?"

"हो."

"त्यांची माफी मागितलीस?"

"मागितली. आता सकाळी पहिली त्यांच्याकडेच जाते."

बाईंनी गुणांची वही उघडून आकडा लिहिला. मग म्हणाल्या, "शिक्षा म्हणून पुढचा महिनाभर शनिवारीही वृद्धाश्रमात जायचं. आणि ब्लॉगला दहापैकी नऊ."

नऊ! इथली जुनी म्हण आहे, दहा देवाचे, नऊ मास्तरांचे, पोरांनी आठापुढे बघू नये. मारितला रडूच कोसळलं. गुणांसाठी नव्हे. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिचं लिहिलेलं वाचलं होतं. बाईंनी विचारलं, हे वर्गाला दाखवू का? ती आनंदानं हो म्हणाली. तिला वाटलं, आता तरी हा खोटेपणा थांबेल.

जूनमध्ये तोंडी परीक्षा आली. यंदा विषय एकच होता, 'माझी चूक'. मारित पोचली तेव्हा बंद दाराबाहेर अठराजणी भिंतीला टेकून ओठ हलवत होत्या. प्रत्येकीच्या हातात कॉलेजनं वाटलेला तोच छापील कागद. कागदावर मारितचे तीनशे शब्द होते आणि कडेला गुण मांडलेले: चुकीची कबुली दोन, स्वतःविषयी नाराजी तीन.



"बरी भेटलीस बाई!" रुलीननं तिचा दंड धरला. "मी आजोबांची आजी केलीय, म्हणजे ढापल्यासारखं वाटणार नाही. बरोबर म्हणते का बघ." तिनं डोळे मिटले आणि पाढे म्हणावेत तशा सुरात सुरू केलं, "म्हातारी ओल्या कपड्यांत बसून होती आणि मी शब्द मोजत होते. मला... मला..."

दार उघडलं. आतून रुलीनचं नाव पुकारलं गेलं.

"अगं, सांग ना पटकन!" ती कळवळून म्हणाली. "आधी लाज येते की किळस?"